संगणक सल्ला : मेलची फाइल भरली, आता काय?

प्रश्न : सर, मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात काम करते. पुण्याचे गिऱ्हाईक ड्रॉइंगं आणि पर्चेस ऑर्डरी मेलनंच पाठवतात. तीन दिवस झाले, आउटलुकात नवीन मेल येईनात. फाइल कमाल आकाराला पोचली असा निरोप येतो. बघितलं तर मेल साठवणारी पीएसटी फाइल ५० जीबीची. सात-आठ हजार मेल पुसले, तरी आकार तेवढाच! मालक म्हणतात, ऑर्डरीचं काही जाता कामा नये. ओळखीचा एक जण म्हणतो, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, जाऊन मर्यादा वाढवा, झालं. करू का?

उत्तर : ताई, आधी पुसणं थांबवा. घाबरू नका, या तीन दिवसांतले मेल बहुतेक गेलेले नाहीत. आउटलुकाला उतरवून घेता आले नाहीत ते सर्व्हरवरच पडून असतील. ब्राउझरमधून वेबमेल उघडा आणि तातडीच्या ऑर्डरी तिथूनच वाचा. मालकांनाही दाखवा, म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल.

मग आउटलुक पूर्ण बंद करून त्या फाइलची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. पेन ड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. जागा रिकामी दिसते आणि कॉपी मात्र होत नाही. प्रत झाली की तिचा आकार मूळ फाइलीशी ताडून बघा.

प्रतीचा एवढा आग्रह का, ते सांगतो. तिलकवाडीत दुकान घातलं तेव्हाची गोष्ट. खानापूरचे एक कौलांचे व्यापारी अशीच बिघडलेली फाइल घेऊन आले. मी घाईघाईत मूळ फाइलीवरच दुरुस्ती चालवली आणि मध्येच लाईट गेली. फाइल परत उघडली नाही. धंद्याच्या पत्रांबरोबर दुबईला असलेल्या मुलाची तीन वर्षांची पत्रंही त्यात होती. ते मला एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा अजून डोळ्यांपुढं येतो. तेव्हापासून प्रत घेतल्याशिवाय मी कुणाच्याही फाइलीला हात लावलेला नाही.

आता पुसूनही आकार का घटत नाही ते बघू. निपाणीची तंबाखूची वखार डोळ्यांपुढं आणा. बोदं बाहेर काढली म्हणून वखारीच्या भिंती आत सरकत नाहीत. तसंच इथं आहे. पुसलेले मेल आधी ‘डिलीटेड आयटम्स’मध्ये जातात, म्हणजे त्याच फाइलीत राहतात. तिथूनही काढले तरी आत मोकळी जागा उरते, फाइल आवळली जात नाही. ती आवळायला ‘कॉम्पॅक्ट नाउ’ आहे. फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स असं जा, आपली फाइल निवडून सेटिंग्ज उघडा, तिथं ते बटण सापडेल. एवढ्या मोठ्या फाइलीला काही तास लागतील, म्हणून संध्याकाळी ऑफिस बंद करताना लावा. यूपीएस धड असेल तरच लावा.

त्याआधी भार उतरवायचा. नको ते मेल, म्हणजे जाहिराती आणि एकच ड्रॉइंग पाचदा आलेलं, ते शिफ्ट धरून डिलीट करा. ते थेट जातात. खात्रीचे तेवढेच. बाकीच्यांसाठी वर्षवार नवीन डेटा फाइली तयार करा आणि जुने मेल त्यांत हलवा. एका दमात सगळे नकोत, थोडे थोडे, एकेक महिना घेऊन. या फाइली आउटलुकात डाव्या बाजूला दिसतात आणि त्यांत शोधताही येतं. जुनी ऑर्डर मागितली की मालकांना मिळेल. त्यांनाही हेच हवं आहे.

शेवटी आउटलुक बंद ठेवून ‘स्कॅनपीएसटी’ चालवा. ऑफिसच्या प्रोग्रॅम फोल्डरमध्येच ते असतं. चुका दाखवेल, दुरुस्त करेल. एकदा करून थांबू नका, चुका शून्यावर येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा.

रजिस्ट्रीचं म्हणाल तर मर्यादा वाढवता येते, हे खरं. पण मी वाढवून देत नाही. आउटलुक २०१० पासून ठरवून दिलेली मर्यादा ५० जीबी आहे. त्यापुढं फाइल उघडायला, शोधायला, दुरुस्तीला लागणारा वेळ वाढत जातो आणि बिघडली तर सगळंच एकदम बिघडतं. फाइल २० जीबीला आली की नवी काढायची, असा नेम करा. आणि ती सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून नेटवर्कवरून उघडत असाल तर आजच आपल्या मशीनवर आणा. तशा वापराला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही, फाइली बिघडतात.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या मशीनवरची आउटलुक २००० ची फाइल डीव्हीडीवरून काढली. बरोबर २ जीबीची आहे, उघडत नाही. वाचेल का? (निपाणी)

उत्तर : बरीचशी वाचेल. आउटलुक ९७ ते २००२ पर्यंतच्या फाइलीची मर्यादाच २ जीबी होती आणि ती ओलांडली की फाइल उघडेनाशी व्हायची. त्यासाठी मायक्रोसॉफ्टनं ‘पीएसटी-टू-जीबी’ नावाचं कापायचं साधन काढलं होतं. ते फाइलीचा थोडा भाग छाटून टाकतं. प्रतीवर चालवून २५ एमबी छाटा, मग ‘स्कॅनपीएसटी’ लावा. छाटलेल्या भागातले मेल जातील, ते परत येत नाहीत. उघडली की आउटलुक २००३ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत नवी डेटा फाइल तयार करून सगळे फोल्डर तिच्यात कॉपी करा. नव्या आउटलुकात जुनी फाइल नुसती उघडल्यानं तिची पद्धत बदलत नाही, २ जीबीची अडचण तशीच राहते. डीव्हीडीवरच्या मूळ फाइलीला हात लावू नका.