मालिकेने लीप घेतला आणि मी मागे राहिले

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): वयाच्या सातव्या वर्षी मी एका रोजच्या मालिकेत घरातल्या धाकट्या मुलीची भूमिका करू लागले. पाच वर्षांनी मालिकेने लीप घेतला, म्हणजे कथा एकदम काही वर्षे पुढे नेली, आणि माझ्या पात्राची मोठेपणीची भूमिका दुसऱ्या अभिनेत्रीकडे गेली. आज मी सत्तावीस वर्षांची आहे आणि एका कार्यालयात हिशेब पाहते. ऑडिशनला गेले की ‘चेहरा फार ओळखीचा आहे’ असे सांगून परत पाठवतात. आता एका कार्यक्रमात जुन्या बालकलाकारांना बोलावले आहे. तिथे दोन वेण्या घालून माझे जुने गाजलेले वाक्य म्हणायचे आहे. मन तयार नाही, पण नाही म्हणता येत नाही. त्या वर्षांतल्या माझ्या कमाईचे काय झाले, हे मी वडिलांना कधी विचारलेले नाही. अभिनय कायमचा सोडून द्यावा का?

उत्तर: ‘नाही म्हणता येत नाही’ हे तुमचे शब्द मला साऱ्या पत्रात सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून सुरुवात तिथूनच करते. सेटवर वाढणारे मूल एक गोष्ट फार लवकर शिकते: मोठ्यांना हवे ते, हवे तेव्हा आणि शक्यतो पहिल्याच टेकमध्ये द्यायचे. झोप आली, रडू आले, तर सगळे युनिट खोळंबते, आणि आपल्यामुळे खोळंबते आहे हे त्या मुलाला नेमके कळत असते. ज्या वयात इतर मुले हट्ट करून पाहतात, त्या वयात तुम्हाला हट्टाची मुभाच नव्हती. त्यामुळे आज नकार देताना अपराधी वाटते यात तुमचा काही दोष नाही. त्या कार्यक्रमाला तुम्ही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. निमंत्रण देणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही, पण तुमचे मन तयार नाही एवढे कारण पुरेसे आहे, आणि त्यापेक्षा मोठे कारण त्यांना देण्याचीही गरज नाही.

लीपबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहून पुढे गेला आहात, पण मला वाटते खरी जखम तिथे आहे. रोजच्या मालिकेत कथानक अडले किंवा प्रेक्षकसंख्या घसरली की काही वर्षे ओलांडून पुढे जाण्याचा मार्ग नेहमीच काढला जातो, आणि बालकलाकाराने काम चांगले केले की वाईट, याचा त्या निर्णयाशी काहीही संबंध नसतो. मोठ्यांना हे ठाऊक असते. बारा वर्षांच्या मुलीला मात्र एवढेच दिसते की काल आपण जिथे होतो तिथे आज आपलेच नाव घेऊन कोणी दुसरी वावरते आहे, आणि घरचे, शाळेतले सगळे ते पाहत आहेत. त्या वेळी तुमच्याशी कोणी नीट बोलले असेल असे पत्रावरून वाटत नाही. एखाद्या समुपदेशकाजवळ हा विषय मोकळेपणी काढावा, असे मी मनापासून सुचवते.

आता अभिनयाविषयी. लहान मुलाकडून काम करून घेण्याची रीत निराळी असते: संवाद तुकड्या-तुकड्याने सांगितला जातो, शॉट छोटे ठेवले जातात, आणि मुलाचा स्वाभाविक निरागसपणा बरेचसे काम करून जातो. प्रौढ नटाला पात्र स्वतः उभे करावे लागते, आवाज कमवावा लागतो. त्यामुळे पाच वर्षांचा अनुभव असूनही तुम्ही या कामात नवख्या आहात, आणि हे मी दिलासा म्हणून सांगते आहे, कारण नवख्या माणसाला शिकता येते. एखाद्या प्रायोगिक नाटकात छोटी भूमिका घ्या, कार्यशाळा करा, आणि ऑडिशनला पाठवायच्या चित्रफितीतून जुनी दृश्ये काढून टाका. ती असेपर्यंत समोरचा माणूस तुमच्यात त्याच मुलीला शोधत राहणार.

तालीम करताना आनंद होतो की नाही, यावरून पुढचे ठरवा. रॉन हॉवर्ड १९६० पासून एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत बालकलाकार होते. पुढे ते कॅमेऱ्यामागे गेले आणि दिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळवले. डॅनिका मॅकेलर १९८८ ते १९९३ या काळातल्या एका मालिकेमुळे घराघरांत पोहोचल्या, नंतर त्यांनी विद्यापीठात गणिताचा अभ्यास केला, एका प्रमेयाच्या सहलेखिका झाल्या, आणि तरीही अभिनय करत राहिल्या. नोकरी आणि अभिनय यांतले एकच निवडावे, अशी सक्ती तुमच्यावरही आज कोणी केलेली नाही.

पैशाचा प्रश्न मात्र टाळू नका. चार्ली चॅप्लिन यांच्यासोबत १९२१ मध्ये झळकलेल्या जॅकी कूगन यांनी मोठेपणी आपली कमाई मागितली तेव्हा ती बहुतेक खर्च झाली होती. १९३८ मध्ये त्यांनी आई आणि सावत्र वडिलांवर दावा लावला, हाती थोडेच लागले, पण त्यातूनच १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या उत्पन्नाचा काही भाग राखून ठेवणारा कायदा झाला. भारतात २०१७ च्या नियमांनुसार मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. तुमची वर्षे त्याआधीची आहेत, त्यामुळे वडिलांवर अशी कायदेशीर सक्ती नसेल. तरी विचारण्याचा हक्क तुमचा आहे. ‘पैसे कुठे गेले’ असे विचारण्याऐवजी ‘मी तेव्हा काय कमावले आणि ते कशाला लागले, हे मला समजून घ्यायचे आहे’ असे म्हणा, आणि जुनी करारपत्रे व बँकेची कागदपत्रे एकत्र बसून पाहा. कदाचित ते पैसे घरासाठी गेले असतील, कदाचित कोणाच्या आजारपणात. उत्तर ऐकून राग आला तर तो येऊ द्या. वडिलांवरची माया आणि हा राग एकाच वेळी मनात असू शकतात. हिशेब पाहणे तुमचे रोजचे काम आहे, तेव्हा आकडे तुम्हाला घाबरवणार नाहीत. घाबरवेल तो पहिला प्रश्न, आणि तो याच महिन्यात विचारून टाका.

कार्यक्रमवाल्यांना नकार त्याआधी, आजच, दोन ओळींत लिहून कळवा.