तिला विचारलेस का?

चि. कार्यकर्तीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. यावलकडच्या शेतातल्या भरीत पार्टीत कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात असताना, विहिरीकडे पाणी आणायला गेलेल्या मुलीचा हात मंडळाच्या एका ज्येष्ठ सदस्याने धरला, तिने तो झटकला तरी तो तिच्या मागे चालत राहिला, आणि जेवणानंतर भांडी घासताना तिने हे तुला सांगितले, एवढे तू पहिल्या काही ओळींत लिहिले आहेस. पुढची पाने मात्र रविवारच्या बैठकीत गोलात कोण कोण बसेल, पहिला प्रश्न कोणी विचारावा, अध्यक्षांना बोलवावे की नाही आणि पुढच्या वर्षीच्या स्नेहमेळाव्याचे काय होईल, यांवर खर्ची पडली आहेत. तिला स्वतःला काय हवे आहे, हे त्यांत कुठेही नाही. तू तिला विचारलेस का?

पुनर्स्थापक न्यायाचा, म्हणजे शिक्षेऐवजी झालेले नुकसान भरून काढण्यासाठी संबंधितांना गोलात एकत्र बसवण्याचा, मार्ग तुला पटला, याबद्दल माझी तक्रार नाही. १९७४ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात तोडफोड करणाऱ्या दोन तरुणांना, त्यांनी ज्यांचे नुकसान केले होते त्या लोकांच्या दारापर्यंत नेण्यात आले आणि भरपाई करायला लावण्यात आले, तिथून या पद्धतीचा आधुनिक प्रवास सुरू झाल्याचे मानतात. १९८९ साली न्यूझीलंडने माओरी समाजाच्या परंपरेतून धडा घेऊन मुलांविषयीच्या कायद्यात कुटुंबाच्या बैठकीला स्थान दिले. हे सारे तू वाचले आहेस. पण २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने या कामाची जी मूलतत्त्वे मांडली, त्यांत दोन्ही बाजूंची मोकळी संमती हवी, ती केव्हाही मागे घेता यावी, आणि घटनेतल्या मूळ गोष्टी दोघांनाही साधारणपणे मान्य असाव्यात, असे सांगितले आहे. तुझ्या पत्रात त्या गृहस्थांचे वाक्य आहे: ‘अंधारात हात लागला असेल.’ मग तू गोल कशासाठी मांडते आहेस? हात धरल्याचे ते कबूल करत नाहीत तोवर त्या बैठकीत त्या मुलीला सगळ्या मंडळासमोर आपलेच म्हणणे सिद्ध करत बसावे लागेल, आणि त्याला तू सुंदर नाव दिलेस तरी ती उलटतपासणीच ठरेल.

समेटाची ही घाई आपल्याकडे फार जुनी आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा मीही उत्साहाने गावोगावच्या बैठकांना जात असे, आणि बांधाचे, वाटणीचे कितीतरी वाद तिथे खरोखर मिटले. मात्र तंटामुक्त ठरलेल्या गावाला बक्षीस मिळू लागले, तशी मिटलेले तंटे मोजण्याची सवय आपल्या हाताला लागली, आणि जे मिटवायचे नव्हते तेही मिटल्याच्या यादीत जाऊ लागले, असे माझे स्पष्ट मत आहे. तुझे अध्यक्ष त्याच सवयीने बोलत आहेत. तू तरी तसे बोलू नकोस.

तिचे वय तू लिहिलेले नाहीस, याचा मला राग आला. ती १८ वर्षांखालील असेल तर मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तिथे माझा हट्टही थांबतो, फक्त आपण कळवणार आहोत हे तिला आधी सांग. ती सज्ञान असेल तर भारतीय न्याय संहितेतल्या कलम ७४ आणि ७५ खाली, म्हणजे विनयभंग आणि लैंगिक छळाबद्दल, पोलिसांकडे जायचे की नाही, हे तिने ठरवायचे. तुमची संस्था नोंदणीकृत आहे आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात विनावेतन काम करणारी स्वयंसेविकाही मोडते, तेव्हा अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असायला हवी. माणसे दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची असते, हेही तिला आजच सांग, नाहीतर तुमच्या गोलांच्या तयारीत ती मुदत निघून जाईल. आणि त्याच कायद्यात समेट केव्हा करता येतो ते वाच: तक्रारदार स्त्रीने स्वतः विनंती केली तरच, आणि पैशाच्या तडजोडीवर कधीही नाही. म्हणजे जे मी तुला वारंवार सांगते आहे तेच कायद्यानेही लिहून ठेवले आहे.

मला हेकट म्हणतात, ते तुझ्या कानावर आले असेलच. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या एका उत्सवात, भाऊबंद रोटाच्या, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या, जेवणाला बसण्याआधी असेच एक प्रकरण मिटवायचे ठरले होते. त्याने हात जोडायचे, तिला साडीचोळी द्यायची आणि सगळ्यांनी एका पंगतीत बसायचे. वडीलधाऱ्या बाया तिला म्हणत होत्या, ‘जाऊ दे ना व माय.’ मी ती बैठक होऊ दिली नाही, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. मी देवीच्या कार्यात विघ्न आणले असा ठपका बसला, आणि ज्यांच्या घरी मी माहेरासारखी जात असे त्यांनी बोलावणे बंद केले. त्याचे दुःख मला आजही आहे. पण पुढे एकांतात विचारले तेव्हा तिने माफी मागितली नाही की साडी मागितली नाही; रात्री बायकांना घरी सोडणाऱ्या गाडीवर तो माणूस असता कामा नये, एवढेच तिचे म्हणणे होते. साऱ्या भाऊबंदकीत हे कोणाला सुचले नव्हते, मलाही नाही. म्हणून मी पुन्हा तसेच करीन.

तेव्हा तिच्याकडे एकटी जा, तिला सोबत कोणी हवे असेल तर ते माणूस तिने निवडू दे. तिला समोरासमोर बसायचे नसेल तर तिचे म्हणणे तू किंवा दुसरे कोणी त्यांच्यापर्यंत नेईल, आणि त्यांनी काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, ते पाळले की नाही हे कोण पाहणार, हे कागदावर येईल. त्यांच्याशीही कोणीतरी नीट बोलले पाहिजे. त्यांना वाळीत टाकून मंडळ मोकळे होईल, असे मी मानत नाही. पण त्यांच्याशी काय बोलायचे, किती सांगायचे, तिचे नाव घ्यायचे का, हेही आधी तिला विचार. तिने आज हो म्हटले आणि उद्या नको म्हटले तर उद्याचे खरे धर, आणि त्याबद्दल तिच्यावर रुसू नकोस.

रविवारची बैठक रद्द केल्याचे अध्यक्षांना आजच कळव. कारण विचारले तर माझे नाव सांग आणि माझा नंबर दे. त्यांनी मला काय सुनवायचे ते सुनवू दे, मला त्याची सवय आहे. तिच्याशी बोलणे झाले की, तिची परवानगी असेल तेवढेच मला लिही.

तुझी,
ताई