नाताळच्या धुना आणि मँडोलिन : वाचकांचे प्रश्न

सगळ्या उत्तरांत, वेगळं सांगितलं नसेल तिथे, ‘सा’ म्हणजे पांढरी २ (डी) धरला आहे. मँडोलिनच्या चार जोडतारा जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई अशा असतात; म्हणजे मंद्र म, सा, प आणि तार रे. आकडे पडद्यांचे आहेत, ० म्हणजे मोकळी तार.

प्रश्न : हार्मोनियम बऱ्यापैकी येते, मँडोलिन तीन महिन्यांपूर्वी घेतलं. नाताळपर्यंत एक तरी धून नीट बसवायची आहे. कोणती घ्यावी? (नाशिक)

‘जॉय टू द वर्ल्ड’ घ्या. तिची पहिली ओळ म्हणजे बिलावलचा सरळ अवरोह आहे, एकही स्वर न गाळता : सां नि ध प म ग रे सा. मँडोलिनवर तो असा पडतो : ए तारेवर ५-४-२-०, मग डी तारेवर पुन्हा ५-४-२-०. दोन्ही तारांवर हाताचा आकार तोच. तारा पंचमाच्या अंतराने लावलेल्या असल्यामुळे हे घडतं, आणि पुढे फार उपयोगी पडतं.

पाचव्या पडद्यावर अनामिका, चौथ्यावर मधलं बोट, दुसऱ्यावर तर्जनी. तिन्ही बोटं आधीच तारेवर ठेवा आणि एकेक उचलत जा. दर स्वराला नवीन बोट टेकवत बसलात तर स्वरांमध्ये भोकं पडतात. मोकळी ए तार वाजत असतानाच तिन्ही बोटं डी तारेवर बसली पाहिजेत. तिथे अनामिका आडवी झाली तर ती शेजारच्या ए तारेला चिकटते आणि ‘प’ अर्ध्यात मरतो. बोट टोकावर उभं ठेवा.

सूर सोपे आहेत, धून आहे ती लयीत. मात्रा अशा : सां १, नि पाऊण, ध पाव, प दीड, म अर्धी, ग १, रे १, सा दीड. नि आणि ध सारखे वाजवले की ओळखीची धून जाऊन अलंकाराचा पाठ ऐकू येतो. पुढची ओळ ए तारेवरच आहे : प (अर्धी), ध (दीड), ध (अर्धी), नि (दीड), नि (अर्धी), सां, पडदे ०-२-२-४-४-५. एवढ्या दोन ओळी आठवडाभर मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत घोटा. वेग आपोआप येतो.

प्रश्न : ‘सायलेंट नाइट’ वाजवताना माझा ट्रेमोलो शिवणयंत्रासारखा येतो. सराव कमी पडतोय का? (वसई)

सराव कमी नाही, ट्रेमोलो (तार भराभर खाली-वर छेडून स्वर लांबवणं) जास्त होतोय. प्रत्येक स्वरावर थरथर घालायची नसते. २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडोर्फमध्ये ही धून पहिल्यांदा गायली गेली ती दोन आवाजांत आणि फक्त गिटारच्या साथीने. तिचा स्वभावच पाळण्याचा आहे. मनात दादरा धरा, संथ.

सुरुवात : प (दीड मात्रा), ध (अर्धी), प (एक), ग (तीन). पडदे : ए तारेवर ०-२-०, मग डी तारेवर ४. पहिले तीन स्वर एकेका आघाताने वाजवून घुमू द्या आणि ट्रेमोलो फक्त तीन मात्रांच्या ‘ग’वर घ्या. हेच पुन्हा. त्यानंतर रें रें नि (ई तार ०, ०, ए तार ४) आणि सां सां प (ए तार ५, ५, ०). तिथेही थरथर शेवटच्या लांब स्वरावरच.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवला आणि ठोक्याला सहा आघात घेतले तर सेकंदाला आठ होतात. एवढ्यात स्वर अखंड वाटतो. आधी ठोक्याला चार घ्या, सम प्रमाणात, खाली-वर-खाली-वर. पुढचा स्वर नेहमी खालच्या आघाताने सुरू झाला पाहिजे. तो वरच्या आघातावर आला तर लय लंगडते.

एवढं करूनही यंत्राचा आवाज येत असेल तर हात तपासा. कोपरापासून हलवलेला हात लवकर आखडतो. हालचाल मनगटातून हवी, नळाखाली हात धुऊन पाणी झटकावं तशी. पिकचं (तारा छेडायच्या चकतीचं) टोक तारांखाली दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त जात असेल तर ते अडकतं आणि टकटक ऐकू येते. गिटारचं पातळ, वाकणारं पिक इथे कामाचं नाही. १ ते १.४ मिलिमीटरचं, गोलसर टोकाचं घ्या. घोडीजवळ (तारा ज्या लाकडी आधारावर टेकतात त्याच्याजवळ) छेडलं तर आवाज पत्र्यासारखा लागतो, म्हणून पडद्यांची पट्टी संपते त्याच्या आसपास छेडा. आणि जोडीतल्या दोन्ही तारा वाजताहेत ना, तेही पाहा. बऱ्याच जणांचा वरचा आघात एकाच तारेला लागतो आणि दर दुसरा आघात बारीक येतो.

प्रश्न : आमचा कॅरलचा (नाताळच्या गाण्यांचा) गट ‘सायलेंट नाइट’ चर्चच्या पुस्तकातून बी फ्लॅटमध्ये गातो. त्या पट्टीत माझी बोटं अडखळतात. सगळ्यांना डीमध्ये गायला सांगू का? (मडगाव)

नका सांगू. या धुनेचा वरचा टोकाचा स्वर तार मध्यम आहे. डीमध्ये तो वरच्या जी सुरावर जातो आणि गटातल्या निम्म्या लोकांचा गळा तिथे फाटतो. बी फ्लॅटमध्ये तो ई फ्लॅटवर थांबतो, म्हणून पुस्तकांत ती पट्टी दिसते. एकट्याने वाजवायचं असेल तेव्हा डी उत्तम.

तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जीमध्ये वाजवत असल्यासारखं वाजवा. वर दिलेली सगळी बोटं एक तार जाडीकडे सरकवायची, बस : ए तारेवरचं डीवर, डीवरचं जीवर, ईवरचं एवर. ‘प ध प ग’ आता डी तारेवर ०-२-० आणि जी तारेवर ४. पडदे कॅपोपासून मोजायचे. गट एफमध्ये गात असेल तरी कॅपो तिसऱ्यावरच राहतो, मात्र बोटं मूळ डीची.

गिटारचा कॅपो लांब आणि जड पडतो, मान खाली ओढतो. मँडोलिनचा मिळाला नाही तर बँजोचा चालतो. तो पडद्याला अगदी खेटून लावा. दोन पडद्यांच्या मध्यावर लावला तर तारा दाबल्या जाऊन सूर चढतात. लावल्यावर आठही तारा पुन्हा तपासायच्या, इथे आळस नको.

प्रश्न : घरात नीट लावलेलं मँडोलिन रात्री अंगणात गेलं की बिघडतं. तार खराब आहे का? (पुणे)

पोलादी तार थंडीत आक्रसते, ताण वाढतो आणि सूर चढतो. पुन्हा आत आल्यावर किंवा हाताच्या उबेने तो उतरतो. बाहेर वाजवायचं असेल तर मँडोलिनची पेटी न उघडता पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, मग उघडून तिथेच लावा.

लावताना जोडीतली एक तार बोटाने बंद करून दुसरी ट्यूनरवर आणा. मग पहिली मोकळी करून तिला दुसरीशी कानाने जुळवा. दोघींमधली ‘वाँव वाँव’ अशी लाट थांबली की झालं. सूर नेहमी खालून वर आणा. वर गेलात तर पुरता उतरवून पुन्हा चढवा, नाहीतर खुंटीच्या दात्यांमधली ढिलाई मागे राहते आणि दहा मिनिटांत तार घसरते. चढवताना ‘टिक’ असा आवाज आला तर तार नटच्या (खुंट्यांकडच्या, तारा बसवायच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकते आहे. खाचेत शिसपेन्सिल फिरवा.

मोकळ्या तारा बरोबर पण वरचे पडदे बेसूर असतील तर दोष घोडीचा. ती चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबाने उभी असते आणि धक्क्याने सरकते. बाराव्या पडद्यावर तारेला हलका स्पर्श करून वाजणारा सूर आणि तिथेच दाबून येणारा सूर यांची तुलना करा. दाबलेला चढा असेल तर घोडी टेलपीसकडे (तारांची टोकं जिथे अडकवतात त्या पत्र्याकडे) सरकवा, उतरलेला असेल तर पडद्यांकडे. केसभर सरकवली तरी फरक पडतो.

प्रश्न : आजोबांचं गोल पाठीचं मँडोलिन सापडलं. दुकानदाराने ०.०११ चा संच दिला आहे. लावू का? (कोल्हापूर)

लावू नका. ०.०११ ते ०.०४० इंच जाडीच्या तारांचा हा संच आजच्या सपाट किंवा कोरीव पाठीच्या वाद्यांसाठी आहे. गोल पाठीच्या नेपल्स धाटणीच्या वाद्याची तबली (वरची लाकडी फळी) पातळ असते आणि इतक्या ताणाखाली ती घोडीपाशी खचते. ०.००९ किंवा ०.०१० पासून सुरू होणारा हलका संच मागा. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करा. ३३ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर हलक्या संचाबद्दल शंकाच नको.

तारांच्या टोकाला फासा हवा. गिटारच्या तारेसारखा पितळी मणी असेल तर पक्कडीने मणी दाबून काढता येतो, मागे फासा उरतो. सगळ्या तारा एकदम काढू नका. घोडी पडेल आणि तिची जागा हरवेल. एक काढा, एक लावा.

प्रश्न : जलद काहीतरी सुचवा. (ठाणे)

युक्रेनचे संगीतकार लेओंतोविच यांची, कीव्हमध्ये १९१६ साली पहिल्यांदा गायली गेलेली चार स्वरांची धून, जी आज जगभर ‘कॅरल ऑफ द बेल्स’, म्हणजे घंटांचं कॅरल, म्हणून वाजते. मुळात ती नववर्षाच्या शुभेच्छांची होती. सा पांढरी ६ (ए) धरा आणि ए तारेवर ३-२-३-० वाजवा. मात्रा एक, अर्धी, अर्धी, एक. आघात खाली, खाली, वर, खाली.

मधलं बोट तिसऱ्या पडद्यावर, तर्जनी दुसऱ्यावर कायम. मोकळ्या तारेवर येताना दोन्ही बोटं एकाच क्षणी उचलली पाहिजेत. तर्जनी मागे राहिली तर मध्ये दुसऱ्या पडद्याचा भुताटकीसारखा सूर डोकावतो. दुसरा वादक मिळाला तर त्याला डी तारेवर ७-५-३-२ असा दर आवर्तनाला एकेक स्वर धरायला सांगा. ट्रेमोलो त्याच्याकडे द्या, तुम्ही कोरडं वाजवा.