मुदतीआधी सुटलेल्या कैद्यावर बाहेर लक्ष कसं ठेवतात?

लवकर सुटका झाली तरी शिक्षा संपलेली नसते. उरलेली मुदत तो माणूस अटींवर बाहेर काढत असतो. ठरल्या दिवशी देखरेख अधिकाऱ्याकडे हजेरी, पत्ता बदलण्याआधी परवानगी, पीडित व्यक्तीच्या वाऱ्यालाही उभं न राहणं, काही ठिकाणी घोट्याला जीपीएसचा पट्टा. गंभीर अट मोडली तर पुन्हा तुरुंग.

पण नुसती पाळत पुरत नाही, हे ठासून सांगतो. सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक: राहायला जागा नाही, हातात ओळखपत्र नाही, काम द्यायला कोणी धजत नाही. चांगला अधिकारी अशा वेळी हजेरी कामाच्या पाळीच्या आड येऊ देत नाही, व्यसनमुक्तीच्या उपचारांची सोय लावून देतो. एकाच अधिकाऱ्याच्या गळ्यात ढीगभर प्रकरणं मारली, की भेट सहीपुरती उरते.