माडाखाली पाच-सहा पावसाळे पडून असलेली फायबरची शिडाची होडी घरच्या घरी दुरुस्त करता येईल का?

येईल. पण रेझिनचा, म्हणजे फायबरचं कापड चिकटवून घट्ट करणाऱ्या राळेचा, डबा आणायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की गोव्यात शिवोलीला मामांच्या अंगणात होडी तशीच उताणी पडून आहे, तळाला भेगा आहेत, डेकवर पाय दिला की दबतं. आणि विचारलंय फक्त पॉलिस्टर घेऊ की इपॉक्सी. त्याचं उत्तर खाली देतोच, पण त्याआधी बघायचं ते हे की इतक्या पावसाळ्यांत पाणी कुठे कुठे मुरलंय.

वर्णनावरून ती एंटरप्राइझ नावाच्या डिझाइनची डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी असावी. दोघांची, साधारण चार मीटर लांब, मधोमध सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून खाली पाण्यात सोडायची फळी. या डिझाइनच्या नुसत्या सांगाड्याचं वजन 90-95 किलोच्या आसपास असतं. चार धडधाकट माणसांना ती उचलवत नसेल तर जास्तीचं वजन पाण्याचं आहे. आधी हवेच्या टाक्यांची झाकणं काढा, आत काय आहे ते टॉर्च मारून बघा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या अंगावर ठोकत फिरा, बाजारात नारळ वाजवून बघतो तसं. टणक आवाज आला की पुढे सरका. बद्द आवाज आला की तिथे पेन्सिलीने गोल करा. डेकवर असे बरेच गोल निघतील, मनाची तयारी ठेवा.

भेगांमध्येही फरक करायला हवा. माडाखाली ठेवलेल्या होडीवर नारळ पडतातच, त्याच्या चांदणीसारख्या बारीक चिरा दिसतात. त्या बऱ्याचदा फक्त वरच्या जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराच्या असतात. रात्री आतून जोरदार टॉर्च लावा आणि बाहेरून बघा. जाड रंग नसेल तर चांगलं फायबर एकसारखं उजळतं. जिथे थर सुटलेत तिथे डाग दिसतो. तो डाग म्हणजे खरं काम. बाकीच्या चिरा कोरून भरल्या की झालं.

आता वाळवणं. लोक नेमकं हेच उरकून टाकतात. आधी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून भरपूर धुवा, कारण आत मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं आणि होडी कधीच सुकत नाही. मग छपराखाली, नाक वर करून, झाकणं उघडी ठेवून वारा लागेल अशी ठेवा. सुकली की नाही ते कळायला प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आतून घाम धरला तर अजून थांबा. गोव्यात हे पावसाळ्यात होत नाही, म्हणून तेव्हा हात लावू नका. दिवाळीनंतर सुरुवात करा, फेब्रुवारीअखेर लॅमिनेशन, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या कापडाचे थर लावणं, संपवा. त्या दिवसांतही सकाळी दव असतं. ते उडाल्यावर काम सुरू करायचं आणि ऊन कलायच्या आत हात धुवायचे. काम सावलीतच.

घासण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या. जुन्या होडीवर पॉलिशचं मेण असतं, थेट ग्राइंडर लावला तर ते मेण आत दाबलं जातं आणि नवा थर धरत नाही. मग चार इंची ग्राइंडरला 40 नंबरची डिस्क लावून भेगेभोवती उतार काढा. उतार फायबरच्या जाडीच्या बारापट हवा. म्हणजे तळ 4 मिलिमीटर जाड असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर. बघताना वाटतं केवढं मोठं भगदाड पाडलंय, पण नवीन पॅच जुन्याला फक्त चिकटलेला असतो, त्याला पकडायला तेवढी जागा लागते. चांगला मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट. ती पूड अंगाला लागली की रात्री झोप नाही.

आरपार भोक असेल तर आतून सनमायकाचा तुकडा टेकू म्हणून लावा. त्याची गुळगुळीत बाजू होडीकडे, तिच्यावर गाडीचं मेण दोन-तीनदा चोळलेलं. सनमायका तळाच्या वळणाप्रमाणे वाकतो आणि काम झाल्यावर टपकन सुटून येतो. बाहेरून फायबरच्या कापडाचा सगळ्यात मोठा तुकडा आधी, त्यावर लहान लहान. उलट क्रमाने लावणारेही आहेत. मोठा आधी लावला तर अख्खा तुकडा जुन्या पृष्ठभागाला धरतो, म्हणून मी तसं सांगतो.

आता पॉलिस्टर की इपॉक्सी. वाळलेल्या जुन्या फायबरवर इपॉक्सी जास्त घट्ट धरतं यात वाद नाही. म्हणून सेंटरबोर्डची पेटी, सुकाणू जिथे बसतं ती मागची फळी आणि मास्टखालची (डोलकाठीखालची) जागा इथे इपॉक्सीच वापरा. पण त्यावर पुन्हा जेलकोट भरवशाने बसत नाही, तिथे दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग द्यावा लागतो. शिवाय इपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचेच्या तुटक्या धाग्यांची चटई) घेऊ नका. तिच्यातले धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळतो, इपॉक्सीत नीट विरघळत नाही. विणलेलं कापड घ्या. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट पापुद्रा येतो, तो दुसऱ्या दिवशी पाण्याने आणि स्कॉचब्राइटने धुवूनच पुढचा थर. तळाच्या छोट्या दुरुस्त्यांना पॉलिस्टर चालतं. बेतीला, शापोऱ्याला मासेमारीच्या फायबर होड्या याच मालावर वर्षानुवर्षं समुद्रात जातायत.

दिवाडीला बांधलेल्या म्हादेई या नौदलाच्या शिडाच्या नौकेत लाकडी गाभ्यावर काचेचं कापड आणि इपॉक्सी होतं. तिच्यातून नौदल अधिकारी दिलीप दोंदे 2010 मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी करून आले. हे ऐकून लोक अख्खी जुनी डिंगी इपॉक्सीने मढवायला निघतात. तशी गरज नसते.

पॉलिस्टर घेतलंत तर एक गोष्ट लिहून भिंतीला लावा. दुकानात रेझिन, कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) आणि हार्डनर (घट्ट करणारं) असं तीन बाटल्यांत देतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, नंतरच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर भडका किंवा स्फोट होऊ शकतो. दोन्हीला एकच मापाचा कप किंवा एकच काडी वापरायची नाही. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, गॉगल काढायचा नाही. आपल्या उष्णतेत एक टक्क्याच्या आसपास हार्डनर पुरतो. थोडं थोडं कालवा आणि उथळ ताटलीत ओता, खोल डब्यात ठेवलं तर धूर यायला लागतो. शेवटच्या जेलकोटमध्ये मेणाचं द्रावण घाला, नाहीतर वरचा थर चिकटच राहतो.

डेक दबतंय म्हणजे आतलं प्लाय कुजलंय. वरून भोकं पाडून रेझिन ओतायचा सल्ला कुणीतरी देईलच. कुजक्या ओल्या लाकडाला ते धरत नाही, पैसे वाया. वरची कातडी चौकोनी कापून अलगद उचला, कुजकं सगळं खरवडून काढा, आयएस 710 छापाचं मरीन प्लाय बसवा. त्याच्या कडांना इपॉक्सी पाजा आणि काढलेली कातडी परत लावा. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरा, मग त्यातून योग्य मापाचं भोक पाडा, म्हणजे पाणी पुन्हा प्लायपर्यंत जाणार नाही. बोल्ट 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. 304 स्वस्त पडतात, पण खाऱ्या हवेत लवकर गंजाचे डाग धरतात.

मास्टच्या तारांवरून जुनं फडकं फिरवा. कुठे अडकलं तर तार तुटायला लागलीय, ती बदला. शिडाच्या शिवणीचा दोरा नखाने तुटत असेल तर कापड ठीक असूनही अख्खी शिवण परत घालावी लागते. खर्चाचं विचारलंत म्हणून सांगतो, रेझिन-मॅटपेक्षा शीड, तारा आणि फिटिंग्जवर जास्त जातो. म्हणून ते सगळं आहे की नाही आणि कुठल्या अवस्थेत आहे ते आधी तपासा. मास्ट आणि शीड दोन्ही गेलेली असतील तर मी या होडीवर पैसे घालणार नाही.

पहिल्यांदा पाण्यात घालाल तेव्हा शिडाशिवाय, नदीत, भरती संपत आली असताना, कमरेएवढ्या पाण्यात अर्धा तास नुसती तरंगत ठेवा. वर काढून टाक्या उघडा. पेलाभर पाणी निघालं तर झाकणाचं रबर बदला. बादलीभर निघालं तर बहुतेक सेंटरबोर्डच्या पेटीचा तळाकडचा सांधा सुटलाय. त्याचा फोटो टाका, मग बघू.