शवासनात पडले की सासूबाई विचारतात, बरं नाहीये का?

पत्र: ताई, डोंबिवलीत वन बीएचके, माणसं पाच. ऑफिस दादरला, लोकलने जाऊन येऊन जीव मेटाकुटीला येतो. जरा रिलॅक्स वाटावं म्हणून योगा सुरू केला पण जागाच नाही. हॉलमध्ये सासूबाई आणि टीव्ही, बेडरूममध्ये दहावीतला मुलगा. शवासनात पडले की सासूबाई डोकावून विचारतात, बरं नाहीये का? रील्समध्ये असतो तसा छान योगा कॉर्नर करावा म्हणते, तर नवरा म्हणतो मोठं घर घेऊ तेव्हा बघू. मॅट सध्या कपाटावर आहे. काय करू?
– मॅट कपाटावर

अगं बाई, मोठ्या घराची वाट बघत बसलीस तर पहिलं शवासन रिटायर झाल्यावरच होईल, तेव्हा नवऱ्याचं ते वाक्य या कानाने ऐक आणि त्या कानाने सोडून दे.

आणि ते रील्सचंही सोड. पांढरे पडदे, बुद्धाची मूर्ती, डिफ्यूझर, कोपऱ्यात बांबूचं झाड, हे सगळं ज्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे त्यांचं डेकोरेशन आहे. जुनी लिस्ट याहून बरीच स्वस्त होती. स्वात्मारामांची हठप्रदीपिका, हठयोगावरची साधारण पंधराव्या शतकातली पोथी, तिच्यात योग्याची खोली कशी असावी ते दिलंय: दार लहान, भोकं खड्डे नकोत, फार उंच नको फार बुटकी नको, शेणाने नीट सारवलेली, किडामुंगी नसलेली, आणि धनुष्यभर जागेत दगड, आग, पाणी नको. धनुष्य म्हणजे चार हात, सहा फूट धर, तुझी मॅट जवळपास तेवढीच लांब असते की! उपद्रव नसावा असंही म्हटलंय, पण त्यात सातची सिरियल धरलेली नसणार.

तर सहा फूट बाय दोन फूट, सपाट आणि झाडलेलं. तुमच्या बेडरूममध्ये बेड आणि कपाटाच्या मध्ये एवढी पट्टी असेलच, नसेल तर बेडखालच्या बॅगा आत ढकल. मुलगा क्लासला जात असेल तर ती वेळ तुझी, नाहीतर तेवढी पंधरा मिनिटं त्याने हॉलमध्ये पुस्तक घेऊन बसावं, दहावी काही बुडत नाही. संध्याकाळी घरी आल्या आल्या केलंस तर उत्तम, दुपारचा डबा पचलेला असतो, फक्त चहा नंतर घे. आणि कुकर लावून आडवी होऊ नकोस हं, शिट्ट्या मोजत बसशील.

करायचं काय, तर दिवसभर ऑफिस आणि लोकल करून आलेल्या बाईने आल्या आल्या सूर्यनमस्कार घालायची काही गरज नाही. जमिनीवर पाठ टेक, पोटऱ्या उशा-गोधड्यांच्या थप्पीवर ठेव, गुडघे वाकलेले, डोक्याखाली चादरीची घडी, डोळ्यांवर ओढणी, आणि दहा मिनिटं तशीच पड. श्वास सोडताना घेतल्यापेक्षा थोडा लांब सोड, कोंडून मात्र ठेवू नकोस. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्च्या, ब्लँकेटं, पट्टे वापरून लोकांकडून आसनं करून घेतली, त्यामुळे घरातली गोधडी आणि उशी वापरायला लाजू नकोस, वेगळं काही विकत आणायचं नाहीये. मग जमलं तर चारपाच वेळा भ्रामरी, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा, त्या गुणगुणण्यात टीव्हीचा आवाज बराच बुडतो (सासूबाईंना आधी सांगून ठेव नाहीतर धावत येतील). बीपी असेल, डोळ्यात काचबिंदू असेल तर डॉक्टरना विचारूनच कर, आणि कितीतरी दिवस झोपच नाही, उगाच रडू येतंय असं काही असेल तर मॅट राहू दे, आधी डॉक्टर.

आता खरं सांगू का, मला तुझी अडचण जागेपेक्षा सगळ्यांच्या नजरेची जास्त वाटते. बाई संध्याकाळी आडवी दिसली की घरात प्रत्येकाला एकदम काहीतरी आठवतं, चार्जर कुठेय, उद्या डब्याला काय, आणि आपल्यालाही उगाच चोरी केल्यासारखं होतं. तेव्हा परवानगी मागू नकोस, टाइम सांग. "आई, मी रोज सव्वासात ते साडेसात दार लोटून पडणारे, आजारी नाहीये, दमलेय." एवढंच, हसून. त्यांचा प्रश्न टोमणा आहे का काळजी ते तुलाच ठाऊक, मला तर काळजीच वाटतेय, आणि कारण कळलं की माणसं डोकवायची थांबतात. त्यांनाही करायचं असेल तर खुर्चीवर बसून श्वासाचं शिकव, पण वेगळ्या वेळी, तुझ्या पंधरा मिनिटांत नाही. बेल वाजली, मुलाचा होमवर्क अडला, तर ते नवऱ्याकडे. मोठं घर घेईपर्यंत तेवढं तो नक्की करू शकतो.

अगरबत्ती लहान बंद खोलीत नको, धुराने उलट घसा धरतो, पंखा बारीक करून ठेव. आणि रविवारी सुरू करू नकोस, हमखास कोणीतरी पाहुणे टपकतात. सोमवारी कर.

– तुझी ताई