सात कोटींची बिलं, पण त्यात टॅक्स किती?

प्रश्न : वकीलसाहेब, आमच्या ह्यांचा जालन्यात भंगाराचा धंदा आहे. ज्या पार्टीकडून माल घेतला ती बोगस निघाली, पत्त्यावर कोणीच नाही, आणि आता ह्यांना जीएसटीचं समन्स आलंय. बिलं टॅक्स सोडून ७ कोटींची. ५ कोटींच्या वर गेलं की सरळ आत टाकतात असं सगळे म्हणतात, आणि एफआयआर नसल्यामुळे अटकपूर्व जामीन पण मिळत नाही म्हणे. खरंय का? झोप उडालीय.

उत्तर : ताई, आधी ते ७ कोटी डोक्यातून काढा. कायदा बिलाचा आकडा बघत नाही, त्यातला टॅक्स बघतो. १८ टक्क्यांनी ७ कोटींवर क्रेडिट (म्हणजे खरेदीवरचा टॅक्स, जो आपल्या टॅक्समधून वजा करून घेतात) होतं १ कोटी २६ लाख, आणि जीएसटी कायद्याच्या कलम ६९ खाली अटक करता येते ती २ कोटींच्या वर. २ ते ५ कोटींत गुन्हा जामीनपात्र, तिथे जामीन हक्काचाच. ५ कोटींच्या पुढे अजामीनपात्र, ५ वर्षांपर्यंत शिक्षा, अटकपूर्व जामिनाची गरज पडते ती इथे.

एफआयआरची भानगड आता संपलीय. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच गुजरातच्या एका केसमध्ये समन्सच्या टप्प्यावर अटकपूर्व जामीन नाही असं म्हटलं होतं म्हणून गोंधळ होता, पण २७ फेब्रुवारी २०२५ ला राधिका अग्रवाल खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की एफआयआर नसला तरी अर्ज करता येतो. फक्त ‘भीती वाटते’ एवढ्यावर भागत नाही, भीतीला काहीतरी ठोस आधार दाखवावा लागतो. ‘आत्ता पैसे भर नाहीतर अटक’ असा दम देऊन वसुली करायची नाही हेही त्याच निकालात आहे, तेव्हा घाबरून कुठेही सह्या नकोत.

पण निर्धास्त पण राहू नका हं. मागची वर्षं, दुसऱ्या पार्ट्या जोडल्या की आकडा फुगतो, म्हणून सीएकडून वर्षवार टॅक्सचा हिशोब आजच काढून घ्या. आणि अटक टळली तरी टॅक्स, व्याज, दंडाची नोटीस येऊ शकतेच, ती वेगळी लढाई.

समन्सला मात्र जायचंच, टाळलं तर संशय वाढतो. काटा पावत्या (वजनाच्या), बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल), बँकेचं स्टेटमेंट, सगळं सोबत न्या, माल खरंच आला होता हे त्यातूनच दिसणार. आणि माल आलाच नसेल, नुसतीच बिलं फिरली असतील, तर जबाब द्यायला जाण्याआधी ह्यांना फौजदारी वकिलासमोर बसवा आणि खरं काय ते बोलू द्या.